वसंतात पुण्याहून कयाकिंगची सहल: कुंडलिका, काळी की थेट ऋषिकेश?

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. आम्ही काही मित्रमैत्रिणी पानशेतच्या जलाशयात कयाक चालवायला शिकलो असून गुढीपाडव्याच्या सुमारास खळाळत्या पाण्यात उतरण्याचा आमचा विचार आहे. एक बेत असा, की कोलाडला कुंडलिका करून पुढे दांडेलीला काळी नदीवर जावे. दुसरा, गाडीने थेट ऋषिकेश गाठावे. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीतल्या नद्या आटलेल्या असताना कुंडलिकेला पाणी कुठून येते, आणि त्याच्या भरवशावर बेत आखता येतो का? आमच्यापैकी काहींनाच रोल (उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करणे) जमतो, हेही सांगायला हवे.

उत्तर (औंध)
कुंडलिकेत वसंतात वाहते ते पाणी आपल्या मुळा नदीचे आहे. मुळेवरच्या मुळशी धरणात साठलेले पावसाचे पाणी घाटमाथ्यावरून कोकणात भिरा येथील वीजगृहात उतरवले जाते आणि वीज तयार झाल्यावर त्याचे अवजल कुंडलिकेत येते. (याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, ताम्हिणीतून जाताना जलाशयाकडे पाहावे तेव्हा त्याखाली गेलेल्या गावांची आठवण मला तरी नेहमी होते.) त्यामुळे येथे पंचांगापेक्षा वीजनिर्मितीचे वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. विसर्ग साधारणपणे सकाळी असतो, म्हणून आदल्या संध्याकाळीच कोलाडला मुक्कामी पोहोचावे आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटणार आहे की नाही, याची तेथील राफ्टिंगवाल्यांकडून खात्री करून घ्यावी. पाणी नसलेल्या दिवशी पात्रात दगडच दिसतात. सुटल्यावर मात्र ते दगड पाहता पाहता बुडतात, तेव्हा कोरड्या पात्रात रेंगाळू नये. राफ्टिंगचा टप्पा सुमारे १२ किलोमीटरचा असून रॅपिड (खळाळत्या पाण्याचे टप्पे) दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत, म्हणजे शांत पाण्यातून येणाऱ्यांना पहिली नदी म्हणून योग्य. काळीचेही गणित असेच आहे, कारण गणेशगुडीला सुपा धरणातून पाणी सुटले तरच तेथे खेळता येते.

उन्हाला मात्र कमी लेखू नका. २०१७ च्या मार्चअखेरीस याच भिऱ्यात पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती. दुपारी बाराच्या आत नदीबाहेर पडावे, हे उत्तम.

उत्तर (सदाशिव पेठ)
वरील मताशी मी सहमत आहे. ऋषिकेश पुढच्या वर्षासाठी ठेवावे. मार्चमधली गंगा नितळ, हिरवी आणि हाडे गारठवणारी असते; वेटसूटशिवाय (ऊब धरून ठेवणाऱ्या पोशाखाशिवाय) तिच्यात कयाकमधून पडून दोन-तीनदा पोहावे लागले की हातातले वल्हे नीट धरवत नाही. शिवपुरीच्या खालचे ‘रोलर कोस्टर’ आणि ‘गोल्फ कोर्स’ हे मोठ्या लाटांचे रॅपिड असून, रोल न येणाऱ्याला तेथे बहुधा पोहतच खाली यावे लागते. शिवाय दीड हजार किलोमीटरहून अधिक गाडी चालवून थकलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी पाण्यात उतरणे मला पटत नाही.

रोलपेक्षाही मला काळजी वाटते ती दोर फेकण्याची. थ्रो बॅग (आत दोर भरलेली, फेकायची पिशवी) सर्वांजवळ असते, सराव फार थोड्यांना असतो. दोराचे मोकळे टोक एका हातात धरून पोहणाऱ्याला मोठ्याने हाक मारावी, त्याची नजर आपल्याकडे वळली की पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडेल अशी फेकावी आणि लगेच खाली बसावे, कारण दोर ताणला गेला की उभा माणूस ओढला जातो. पोहणाऱ्याने दोर (पिशवी नव्हे) छातीशी धरून, खांद्यावरून घेऊन पाठीवर तरंगावे. दोघांपैकी कोणीही तो मनगटाला गुंडाळू नये. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. पाऊल दगडांच्या फटीत अडकले की गुडघाभर पाण्यातही प्रवाह माणसाला आडवा करून बुडवतो. हा सराव आधी पानशेतच्या काठावर, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घालून करावा.

प्रश्नकर्ता (कोथरूड)
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बेत कुंडलिकेपुरताच ठेवतो आणि विसर्ग झाला नाही तर एक दिवस वाढवता यावा, अशी रजा घेतो. एकच विचारायचे राहिले: रोल न जमणाऱ्यांनी स्प्रे स्कर्ट (कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावायचे आवरण) लावावा का?

उत्तर (सदाशिव पेठ)
उलटल्यावर डोके पाण्याखाली असताना स्कर्टचा पट्टा ओढून शांतपणे बाहेर पडता येत असेल तर अवश्य लावावा. ते अंगवळणी पडेपर्यंत त्यांना राफ्टमध्ये बसवावे. आणि पाण्यात उतरताना पट्टा स्कर्टच्या आत दबलेला नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याच्या स्कर्टला हात लावून तपासावे.