मदत हवी आहे : आजोबांच्या टगचं पुढे काय झालं असेल?

नमस्कार मंडळी, आम्ही मालवणचे. माझे आजोबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात टगवर (मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी छोटी दणकट बोट) सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते, म्हणजे वर्दीतले नेव्हीवाले नव्हेत हो, यार्डक्राफ्टवर (डॉकयार्डाच्या कामाच्या बोटींवर) सिव्हिलियन क्रू असतो त्यातले. विक्रांतसारखं 262 मीटरचं धूड धक्क्याला लावायचं तर टगच लागतात, गोदीच्या चिंचोळ्या बेसिनमध्ये एवढं जहाज स्वतःच्या इंजिनावर वळत नाही, पण फोटो मात्र कायम मोठ्या जहाजाचेच छापतात!

परवा माळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी सापडली, आत एक फोटो, टगच्या नाकाला टायरांची माळ, मागे जाड दोरखंडाची गुंडाळी आणि तिच्यावर बसून चहा पिणारे आजोबा, नावाची पाटी नेमकी दोराआड गेलीय. तर कोणाला माहीत असेल तर सांगा, अशी टग साधारण किती वर्षं चालवतात, इंजिन बदलून परत वापरतात की थेट लिलावात काढून दारूखान्यात (मुंबईतली जहाजं तोडायची जागा) तोडायला देतात? आणि जुन्या यार्डक्राफ्टची नोंद कुठे मिळेल, आरटीआय टाकायचा तर नेमका कोणाकडे? डॉकयार्डातले रिटायर्ड कोणी असतील तर प्लीज सांगा, आजी विचारून विचारून हैराण करतेय.