मदत हवी आहे: मधुमेह टाळायचा वर्ग सगळ्यांना सारखा कसा लागू पडेल?

मंडळी, प्री-डायबेटिस (रक्तातली साखर वाढलेली, पण अजून मधुमेह नाही) असलेल्यांसाठी आहार-व्यायामाचा एक गट चालवते. आराखडा अमेरिकेतल्या 'डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम'चाच: वजन ७ टक्के कमी, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. २००२ च्या त्या अभ्यासात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीपुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. माझ्याकडेही तसंच चित्र आहे. निवृत्त मंडळी दहा मिनिटं आधीच हजर, वहीत पावलांचे आकडे रेघा मारून लिहिलेले!

अडतं ते बाकीच्यांपाशी. पस्तिशीच्या आतले तिसऱ्या बैठकीनंतर गायब. पुरुष मुळात येतातच कमी. एक ताई रात्रपाळी करून थेट येतात. परवा वजनकाट्यावर उभ्या उभ्याच जांभई दिली नि म्हणाल्या, "मॅडम, जेवणाच्या वेळा लिहा म्हणता, पण माझं रात्रीचं जेवण कुठलं तेच मला कळत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा घोळ वजनाचा. काहींचं वजन आधीच बेताचं. भारतातल्या २००६ च्या अभ्यासात सरासरी वजन फारसं न घटताही धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला होता. मग अशांना ७ टक्क्यांचं लक्ष्य द्यावं, की चालण्यावर आणि कंबरेच्या मापावरच भर द्यावा?

पाळीत काम करणाऱ्यांसाठी किंवा तरुणांसाठी कुणी असा वर्ग चालवलाय का? बैठका छोट्या केल्यात, फोनवर घेतल्यात, की वेळच बदललीत? आणि गळालेल्यांना परत बोलावताना नेमकं काय लिहिता? माझा मेसेज दरवेळी ओरडल्यासारखा वाटतो, असं माझी मुलगी म्हणते.