शर्यतीचा मुक्काम: सर्किटशेजारी तंबू की गावात खोली?

वाळूजकर (छत्रपती संभाजीनगर)

सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत झाली, तेव्हा आम्ही चार मित्र सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला गेलो होतो. सर्किटजवळच्या एका हॉटेलात दोन महिने आधी घेतलेली खोली ऐनवेळी रद्द झाल्याचे आम्हाला कळवण्यात आले आणि तीच खोली तिप्पट भाड्याने पुन्हा देऊ करण्यात आली. नाइलाजाने आम्ही दिल्लीत राहिलो आणि तिन्ही दिवस जाण्यायेण्यात रोजचे चार-पाच तास घालवले. रविवारी शर्यत संपल्यावर टॅक्सीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभे असताना समोर मोकळी जमीन पसरलेली दिसत होती, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तीन दिवसांच्या गर्दीसाठी कोणी पक्की हॉटेले बांधणार नाही, कारण उरलेले वर्षभर ती ओस पडतील. म्हणून तंबूंची छावणी हाच अशा शर्यतींचा मुख्य पर्याय असला पाहिजे आणि तिकिटाबरोबर तंबूची जागा उपलब्ध करून देणे आयोजकांवर बंधनकारक असावे, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन सर्किट शेतीच्या भागात आहे. 2023 च्या ब्रिटिश ग्रां प्रीला, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतीला, तिथे चार दिवसांत मिळून सुमारे 4 लाख 80 हजार प्रेक्षकांची नोंद झाली, आणि त्या काळात आसपासच्या शेतांतही तंबू लागतात. तिथल्या कायद्यात शेतकऱ्याला वर्षातून 28 दिवस वेगळ्या परवानगीशिवाय आपल्या रानात तंबूंना जागा देता येईल, अशी जुनी तरतूद होती. 2023 मध्ये 50 जागांपर्यंतच्या छावणीसाठी 60 दिवसांची सवलत आली. जो पैसा हॉटेलमालकाच्या गल्ल्यात जातो तो शेतकऱ्याच्या हातात पडतो, हे आपल्या भागातल्या माणसाला तरी पटावे.

लातूरची प्रेक्षक

वाळूजकर दादा, आपला त्रास खरा आहे, पण उपाय मला पटत नाही. आपण ज्या शर्यतीला गेलात तीच उकाड्यामुळे 24 ऐवजी 21 फेऱ्यांची करावी लागली होती. ज्या हवेत कसलेल्या रायडरांच्या तीन फेऱ्या कमी कराव्या लागल्या, त्या हवेत नायलॉनच्या तंबूत लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन दुपार कशी काढायची, याचा विचार कोणी करायचा?

सिल्व्हरस्टोनचे उदाहरण दिलेत, तर 2012 सालही सांगायला हवे. त्या वर्षी पावसाने वाहनतळाची आणि छावणीची शेते चिखलाने इतकी भरली की वाहनतळाचे तिकीट असलेल्या प्रेक्षकांना शनिवारी येऊ नका, असे आयोजकांना सांगावे लागले. आपल्याकडच्या काळ्या रानात तर वाफसा नसताना बैलगाडीसुद्धा घालत नाहीत. तिथे हजारो मोटारी आणि तंबू उभे राहिले, तर ते शेत पुढच्या हंगामापर्यंत सुधारणार नाही आणि त्याची भरपाई भाड्यातून होणार नाही.

शिवाय मी अशा शहरात राहते, जिथे 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एका घराला दिवसाला किती घागरी लागतात, हे आम्ही मोजून शिकलो आहोत. छावणीचा नकाशा काढताना नळ आणि बायकांची शौचालये शेवटी आठवतात, हा माझा अनुभव आहे.

पैठणकर

ताई, मी नाथांच्या पालखीबरोबर पाच वेळा पंढरपूरला चालत गेलो आहे, म्हणून या आक्षेपाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. राहुटी ठोकली की पहिले काम म्हणजे भोवती वीतभर खोल चर खणून तो उताराच्या बाजूला सोडणे. सुताचे दोर पावसात आखडतात आणि खुंट्या उपटतात, म्हणून झोपण्यापूर्वी ते थोडे सैल करावे लागतात. आमच्या दिंडीतल्या आजी हे सगळे डोळे मिटून करत असत, आणि त्यांच्या राहुटीत मी एकदाही पाणी शिरलेले पाहिले नाही. पंढरपुरात 65 एकरच्या तळावर दिंड्यांसाठी जागा आखून दिल्या जातात, पाण्याची आणि शौचालयांची सोय केली जाते. म्हणजे हे काम आपल्या माणसांना येते.

एका गोष्टीचा मात्र आग्रह धरला पाहिजे: विझत आलेली कोळशाची शेगडी उबेसाठी तंबूत ठेवू नये, तिच्या वायूने माणसे झोपेतच जातात.

गोदाकाठ (नांदेड)

आपण सगळे शर्यत कोणती आहे ते न पाहताच बोलत आहोत, असे मला वाटते. फ्रान्समधील ला मांची मोटारशर्यत 24 तास चालते. साधारणपणे शनिवारी दुपारी 4 वाजता सुरू होऊन रविवारी दुपारी संपते, आणि अंधारात दिवे लावून धावणाऱ्या गाड्या पाहणे हाच तिचा खरा आनंद आहे. तिथे गावात खोली घेणाऱ्याची रात्रच वाया जाते, म्हणून सर्किटला लागून तंबू लावणे योग्य ठरते. फॉर्म्युला वनची मुख्य शर्यत मात्र साधारण दोन तासांत आटोपते. तेवढ्यासाठी चिखलात झोपण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

माझ्या मते आइल ऑफ मॅनचा मार्ग अधिक चांगला आहे. सुमारे 84 हजार वस्तीच्या त्या ब्रिटनजवळच्या बेटावर टीटी या मोटारसायकल शर्यतीच्या दिवसांत हजारो पाहुणे येतात, आणि स्थानिक कुटुंबे स्वतःच्या घरातील खोल्या त्यांना भाड्याने देतात. पाहुण्याला डोक्यावर पक्के छप्पर आणि घरचा नाश्ता मिळतो, यजमानाला उत्पन्न मिळते, आणि शर्यत संपल्यावर उचलायचा कचराही राहत नाही. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणाऱ्यांची सोय पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे; दारी आलेल्याला जागा देणे आपल्या लोकांना नवे नाही.

वाळूजकर

रात्रीच्या शर्यतीचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. तरीही घरांवर भिस्त ठेवता येणार नाही, कारण ज्याने हॉटेलात भाव तिप्पट केला तो घरातही करील. म्हणून तंबूची जागा असो वा घरातली खोली, तिचा दर तिकिटावरच छापलेला असावा आणि त्याहून जास्त घेणाऱ्याची नोंदणी रद्द व्हावी, एवढ्या मागणीवर मी ठाम आहे.

लातूरची प्रेक्षक

दर छापणार असाल, तर त्याखाली माणशी किती लिटर पाणी मिळणार आणि किती बायकांमागे एक शौचालय असणार, हेही छापा. ते आकडे वाचून तंबू घ्यायचा की नाही, हे मी ठरवीन.