अनुभव धागा: घरच्यांचं शिष्ट मांजर आणि आपली पाळी

ताई तीन आठवड्यांसाठी बाहेर गेली आणि जाताना मनीला माझ्या गळ्यात घालून गेली. "काही त्रास नाही गं तिचा, ती आपली आपल्यातच असते," एवढंच सांगून गेली. आपल्यातच म्हणजे किती? पहिले चार दिवस मला मांजर दिसलंच नाही. रात्रीत वाटी रिकामी व्हायची, सकाळी तिच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये उकरलेलं दिसायचं, यावरून घरात मांजर आहे असं धरून चालायचं. ताई रोज व्हिडिओ कॉलवर "दाखव ना" म्हणायची आणि मी पलंगाखाली मोबाईल सरकवून तिला दोन हिरवे दिवे दाखवायचे.

पाचव्या दिवशी हट्टाने हात घातला. मनगटावर तीन समांतर रेघा उमटल्या, अगदी पट्टीने आखल्यासारख्या. तेव्हापासून नाद सोडला. आता ती बाहेर येते, पण माझ्याकडे पाठ करून बसते. पाठ फिरवणं म्हणजे विश्वास, असं ताई म्हणते. ताईला मनीचं सगळंच गोड वाटतं, त्यामुळे तिची साक्ष धरता येत नाही.

तुमच्याही गळ्यात असं कुणी पडलं असेल तर लिहा. मांडीवर येऊन घुरघुरणाऱ्यांचे किस्से नकोत, ते सगळीकडे मिळतात.

*

सासूबाईंचा बोका. सहा वर्षं खायला मी घालते, अंग घासतो त्यांच्या पायाला. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

*

मी मामाचा बोका सांभाळला होता. चांगला गलेलठ्ठ, आणि तोरा असा की नाव घेतलं की मान उलट्या दिशेला. मामा बाहेरगावी गेला त्या रात्रीपासून त्याने खाण्याला तोंड लावलं नाही. मी म्हटलं, नाटकं आहेत, भूक लागली की खाईल झक मारत. दुसऱ्या रात्री सहज मामाला बोललो, तर तो फोनवर गप्पच झाला. मग म्हणाला, "अरे, त्याला उपाशी ठेवून चालत नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरला फोन लाव."

डॉक्टरांनी सांगितलं ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जरी उपाशी राहिलं तरी अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, यकृताला ती पेलवत नाही आणि जिवावर बेतू शकतं. म्हणजे "भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत चक्क धोक्याचं. लगेच आणून तपासून घेतलं. दुसरं काही दुखणं निघालं नाही, पण सकाळपर्यंत खाल्लं नाही तर परत आणायचं असं बजावलं. डबाबंद ओलं खाणं कोमट करून द्या म्हणाले, कारण मांजर आधी वासावर जातं, आणि थंड खाण्याला वास कमी. मी वाटी काढून पसरट बशी ठेवली. मामाचा धुवायला टाकलेला सदरा शेजारी अंथरला आणि दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडलो.

रात्री दोनच्या सुमाराला अंधारात चप चप आवाज आला. मग बशी फरशीवर जराशी सरकल्याचा. मग परत चप चप. मी कूस बदलली नाही, खोकला आला तो दाबला. सकाळी बशी चाटून लख्ख आणि साहेब सदऱ्यावर. मी उठल्यावर उठून गेले.

*

आत्याच्या मांजरीला स्पीकरवर आत्याचा आवाज ऐकवायचो. ढिम्म हलायची नाही, फक्त डावा कान तेवढा फोनकडे वळायचा. आत्याला वाटायचं विसरली मला. जपानमध्ये 2013 साली 20 मांजरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. मालकाचा आवाज परक्या आवाजांपेक्षा वेगळा आहे हे त्यांना कळत होतं, पण उत्तर म्हणून बहुतेकांनी नुसता कान किंवा मान वळवली, उठून कुणी आलं नाही. हे सांगितल्यावर आत्याचा जीव भांड्यात पडला. ऐकू येतं, उठायचं नसतं. अशी दोन माणसंही आमच्या घरात आहेत.

*

डोळे सावकाश मिटून उघडायचे, तो प्रयोग केला का कुणी? ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांचा 2020 चा अभ्यास आहे, असं केलं की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि परक्या माणसाच्याही जवळ यायला तयार होतात. मी दादाच्या मांजरीसमोर रोज संध्याकाळी बसून डोळे मिचकावले. नवव्या दिवशी तिनेही एकदा मिटले. नवरा म्हणतो ऊन आलं असेल डोळ्यांवर.

*

गमतीत मोडता घालतोय, पण लिहायलाच हवं. शिष्ट मांजराचं दुखणं उशिरा कळतं, कारण "ते तसंच आहे" म्हणून आपण सोडून देतो. भावाचा बोका आमच्याकडे होता. दिवसभर ट्रेमध्ये जाऊन बसायचा आणि कोरडाच परत यायचा. आम्हाला वाटलं, पोट साफ होत नाही. घरातल्या एका शहाण्याने पॅरासिटामॉलचा तुकडा द्यायला काढला होता, सुदैवाने दिला नाही. ती गोळी मांजराला विष आहे. लघवीचा मार्ग तुंबला होता. बोक्यांमध्ये हे जास्त होतं आणि एका दिवसातही जिवावर बेतू शकतं. आम्ही वेळेत पोचलो ते नशीब.

तेव्हापासून कुणाचंही मांजर आलं की मी लाड करायला जात नाही, ट्रेमध्ये लघवीने वाळूचे झालेले गोळे मोजतो. रोजच्यापेक्षा कमी दिसले की डॉक्टर. आणि घरात लिलीची फुलं नकोत. परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं जातात.

*

धागाकर्ती परत. गोळे मोजायला लागले आहे, रोजचे तीन, ठीक चाललंय.

ताई आज आली. मनीने तिची बॅग चारही बाजूंनी हुंगली, ताईकडे एकदा पाहिलं आणि सरळ पलंगाखाली गेली. मला आत कुठेतरी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ताई आत्ता फरशीवर पालथी पडून आत हाका मारते आहे. हात घालू नकोस असं तिला दोनदा सांगून झालंय.