मदत हवी आहे: बहिणीला नर्सिंगला घालायचे आहे, शनिवारपर्यंत ठरवायचे आहे

खानापूरकर
नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा बारावी झाली असून तिला नर्सच व्हायचे आहे. बेळगावातील एका संस्थेने एक वर्षाच्या नर्सिंग डिप्लोम्यासाठी शनिवारपर्यंत दहा हजार रुपये भरून जागा पक्की करायला सांगितले आहे, नंतर जागा उरणार नाही असेही ते म्हणतात. दुसरीकडे कोणी जीएनएम म्हणतो, कोणी बी.एस्सी. म्हणतो, कोणी एएनएम. आमच्या घरात या क्षेत्रातील कोणीही नाही. नेमका कोणता कोर्स घ्यावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

अनगोळकर
एवढ्या माहितीवर कोणालाच उत्तर देता येणार नाही. बारावी कोणत्या शाखेतून झाली, टक्के किती, दहावी कर्नाटकातून की महाराष्ट्रातून, आणि त्या एक वर्षाच्या डिप्लोम्याला मान्यता कोणाची, हे आधी लिहा. ढोबळपणे सांगायचे तर एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षांचे, जीएनएम (परिचारिकेचा डिप्लोमा) तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची असते. एका वर्षात परिचारिका होता येते, असे मी तरी कधी ऐकलेले नाही.

मलप्रभाकाठ
बी.एस्सी. नर्सिंगशिवाय दुसरा विचारच करू नका. पुढे एम.एस्सी., अध्यापन, मोठ्या रुग्णालयांतील बढत्या हे सर्व पदवीवर अवलंबून असते. कर्नाटकात सरकारी कोट्यातील जागा केईएच्या (राज्याच्या परीक्षा प्राधिकरणाच्या) सीईटी या प्रवेश परीक्षेतून भरल्या जातात. पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण झालेले असेल आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण असेल, तर तुमची बहीण त्यासाठी पात्र ठरते. मराठी माध्यमाचा यात काहीही अडथळा नाही. बहुतेक महाविद्यालये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. बेळगावात केएलईचे अभिमत विद्यापीठ आहे, तेथील प्रवेशाची रीत मात्र वेगळी आहे.

खानापूरकर
सायन्स आहे, 58 टक्के आहेत. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत, पी.यू.सी. (अकरावी-बारावी) बेळगावात. त्या संस्थेची मान्यता मी विचारलेली नाही, भिंतीवर बरीच प्रमाणपत्रे लावलेली होती. मला प्रश्नांपेक्षा उत्तर हवे आहे, हातात चारच दिवस आहेत.

निपाणीचा वाटसरू
तिला महाराष्ट्रात पाठवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुमचे गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांच्या यादीत आहे का, ते पाहा. मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशांत सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने वेगळी तरतूद ठेवलेली आहे आणि माझा पुतण्या त्याच वाटेने इंजिनिअर झाला. मुलगी आपल्या भाषेत शिकली तर रमेल.

अनगोळकर
वाटसरू, नर्सिंगची पुस्तके आणि परीक्षा कोल्हापुरातही इंग्रजीतच असतात. शिवाय मेडिकल-इंजिनिअरिंगचा नियम नर्सिंगला लागू आहे असे गृहीत धरून चालणार नाही. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तो छापलेला दिसला तरच त्यावर विसंबावे.

माजी सुभेदार
बेळगावकरांना लष्कराची वाट सांगावी लागू नये. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची बी.एस्सी. अविवाहित मुलींसाठी असते, देशभरात 220 जागा असतात, शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि पुढे अधिकाऱ्याचा हुद्दा मिळतो. शिस्त लागते ती वेगळीच.

मलप्रभाकाठ
सुभेदारसाहेब, त्यासाठी ‘नीट’ (NEET) ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती दिली असती तर धागाकर्त्यांनी लिहिले असते.

निवृत्त सिस्टर
मी सरकारी रुग्णालयात बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातील बराच काळ बाळंतपणाच्या वॉर्डात. दादा, घाई समजते, पण एका प्रश्नाचे उत्तर अजून तुम्ही दिलेले नाही आणि इथे कोणी विचारलेलेही नाही. सायन्समध्ये तिला जीवशास्त्र होते का? बी.एस्सी. नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात व खुल्या वर्गाला 45 टक्के गुण लागतात. जीएनएमला कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी उत्तीर्ण असावे आणि एकूण 40 टक्के असावेत. दोन्हींसाठी 31 डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण व्हायला हवीत.

त्या एक वर्षाच्या डिप्लोम्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगते की एक पैसाही देऊ नका. या देशात नर्स म्हणून काम करायचे तर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे लागते आणि अशा कोर्सवर ती नोंदणी होत नाही. माझ्या वॉर्डात अशा तीन-चार मुली मदतनीस म्हणून आल्या होत्या. हुशार होत्या, रात्रपाळीला कधी कुरकुर केली नाही, पण इंजेक्शनचा ट्रे हातात घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि ते त्यांना कोर्स संपल्यावर कळले. संस्थेत जाऊन दोनच गोष्टी विचारा. कोर्स संपल्यावर कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते, हे दाखवणारे पत्र कुठे आहे? आणि मुली प्रात्यक्षिकासाठी कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे किती खाटा आहेत? जीएनएम असो वा बी.एस्सी., संस्थेचे स्वतःचे निदान शंभर खाटांचे रुग्णालय असावे, अशी भारतीय नर्सिंग परिषदेची अपेक्षा असते. दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये मुलगी तीन वर्षे राहिली तरी तिला ट्रॅक्शन, डायलिसिस, अडलेली बाळंतीण यांतले काही पाहायला मिळेलच असे नाही.

खानापूरकर
सिस्टर, जीवशास्त्र नव्हते. तिला गणित आणि कॉम्प्युटर सायन्स होते. हा निर्णय माझा होता. तिला तेव्हाही जीवशास्त्रच हवे होते, परंतु इंजिनिअरिंगला गेली तर लवकर हाताशी येईल असे मला वाटले आणि मी अर्ज भरताना विषय बदलला. गेल्या वर्षी आजी दोन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने एकटीने तिचे सगळे केले, अंगावर जखम होऊ दिली नाही, आणि त्यानंतर ती दुसरे काही बोलतच नाही. आता माझ्यामुळे तिचा रस्ता बंद झाला का, एवढे सांगा.

मलप्रभाकाठ
बंद झालेला नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून जीवशास्त्र हा एकच विषय देता येतो. एक वर्ष जाईल, पण त्यानंतर पदवीला प्रवेश मिळू शकेल. आयुष्य चाळीस वर्षांच्या नोकरीचे आहे, त्यात एका वर्षाचे काय?

चिकोडीची जीएनएम
मलप्रभाकाठ, तुम्ही पदवीचा इतका आग्रह धरता, म्हणून मी माझा हिशेब मांडते. मी कला शाखेतून बारावी केली, तीन वर्षांचे जीएनएम केले, खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात नोकरी धरली आणि नंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेतली. तीन आणि दोन मिळून पाच. तुमच्या मार्गात एक आणि चार मिळून पाचच होतात. फरक इतकाच की माझ्या हातात तीन वर्षांनी नोंदणी होती आणि वडिलांवर पुढच्या शिक्षणाचा भार पडला नाही. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेलाही जीएनएम बसू शकतात. त्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, इतकेच.

मलप्रभाकाठ
तुमचा अनुभव मान्य आहे. परंतु जीएनएम झालेल्या किती मुली पुढे पोस्ट बेसिक करतात? लग्न होते, नोकरी लागते आणि ते राहून जाते. शिवाय जीएनएम बंद होणार, अशी चर्चा होतीच.

निवृत्त सिस्टर
ती चर्चा मी कित्येक वर्षे ऐकली आणि कोर्स अजून चालू आहे. आमच्या वेळी तो साडेतीन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा आहे. झालेली नोंदणी कोर्स बंद झाला म्हणून रद्द होत नसते. राहून जाण्याचे मात्र तुम्ही खरे बोललात, आणि त्याची जबाबदारी घरच्यांची असते. बाहेरून दिलेले जीवशास्त्र प्रवेशाला चालेल का, हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय त्या मुलीचे वर्ष पणाला लावू नये, असे माझे मत आहे.

पुण्याहून
जर्मनीत परिचारिकांना मोठी मागणी आहे. आतापासून जर्मन सुरू करून बी-टू पातळी गाठली तर तिकडे प्रशिक्षणही घेता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. पुण्यात मॅक्सम्यूलर भवनात वर्ग चालतात.

भालकीकर
राज्यघटनेच्या कलम 371(जे) खाली, म्हणजे स्थानिकांच्या राखीव जागांसाठी, स्थानिकत्वाचा दाखला काढला का? आमच्या बिदर जिल्ह्यात त्याने जागांमध्ये बराच फरक पडतो.

अनगोळकर
भालकीकर, ते कलम कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांपुरते आहे, बेळगाव त्यात येत नाही. जर्मनीचा विचार नोंदणी झाल्यावरही करता येईल. आज तिच्यासमोर शनिवार आहे.

चिकोडीची जीएनएम
एक गोष्ट राहिली. तिचे कन्नड कसे आहे? बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडचे रुग्ण येतात. दुखते कुठे, हे म्हातारी माणसे आपल्या भाषेतच सांगतात. मला पहिले सहा महिने फार जड गेले. वॉर्डातल्या आयांकडून मी कन्नड शिकले, ते आजही उपयोगी पडते. कर्नाटक सरकारच्या भरतीतही कन्नड लागतेच. कोल्हापूर किंवा गोव्यात नोकरी करायची झाली, तर आपल्या कौन्सिलचे ना हरकत पत्र घेऊन तिकडे नोंदणी करता येते, त्यामुळे इथे शिकले म्हणजे इथेच अडकले असे होत नाही.

खानापूरकर
आज मी बहिणीला घेऊन त्या संस्थेत गेलो होतो. सिस्टरांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न तिनेच विचारले. कौन्सिलच्या पत्राऐवजी त्यांनी एका ट्रस्टचे पत्र दाखवले आणि प्रात्यक्षिकासाठी दोन दवाखान्यांची नावे सांगितली. त्यांतला एक आमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा आहे आणि तिथे सहा खाटा आहेत. पैसे भरले नाहीत. घरी येईपर्यंत ती जीएनएमवर ठाम झाली होती आणि या वेळी मी मध्ये बोललो नाही. कन्नड तिला बऱ्यापैकी येते, आमचे निम्मे पाहुणे बैलहोंगलचे आहेत. आता महाविद्यालय निवडताना आणखी काय पाहावे आणि कोणती कागदपत्रे तयार ठेवावीत?

निवृत्त सिस्टर
फार बरे केलेत. संस्थेला राज्य कौन्सिलची आणि भारतीय नर्सिंग परिषदेची, अशा दोन्ही मान्यता आहेत का आणि चालू वर्षाच्या आहेत का, ते तारीख वाचून पाहा. जुने पत्र काचेत लावून ठेवणारे बरेच असतात. परीक्षा कर्नाटक राज्य डिप्लोमा इन नर्सिंग परीक्षा मंडळाची असायला हवी. मूळ दाखले संस्थेने ठेवून घ्यायचे म्हटले तर देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. वसतिगृह पाहायला बहिणीला आणि आईला पाठवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी त्यांना एकट्यात बोलू द्या, कारण वॉर्डात खरोखर किती दिवस नेतात हे त्याच सांगतील. पहिलीपासूनच्या शाळेचे स्टडी सर्टिफिकेट गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीने घ्या. ग्रामीण भागातल्या शाळेचा दाखलाही तसाच घ्या आणि जात-उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून काढा. मराठा असाल तर कर्नाटकात तो 3-ब प्रवर्गात येतो, महाराष्ट्राचे नियम इथे लावू नका. सही मिळायला आठवडाही लागतो, म्हणून सोमवारीच शाळेत जा. आणि तिला माझा एक निरोप द्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखम होऊ न देणे हे पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायला आम्हाला महिने लागतात.