जुन्या हॅचबॅकचं सस्पेन्शन: नुसते शॉकअप बदलून भागेल का?

धागाकर्ता
पेट्रोल हॅचबॅक, वय १५ वर्षं, धाव १,४०,००० किमी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि तिची उसळी आवरणारा शॉकअप यांचा एकत्र खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा). सस्पेन्शनमधलं आजवर काहीही बदललेलं नाही. बारीक खडीवरून हळू जाताना पुढे डावीकडून टकटक येते. वेगात असताना उंचवटा आला की गाडीचं तोंड दोन-तीनदा डुलतं. पुढच्या टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतं. गॅरेजमधून सल्ला मिळाला, "सगळंच बदला." चार शॉकअप टाकून काम होईल का? आणि बदलतोच आहे तर कडक शॉकअप व बुटक्या स्प्रिंगा घ्याव्यात का? गाडीत बहुधा चार माणसं असतात.

बुशपुराण
टकटक आणि डुलणं, दोन्हींचं कारण एकच धरू नका. डुलणं आणि टायरची उंचसखल झीज शॉकअपकडे बोट दाखवते. बारीक, लागोपाठ टकटक मात्र बहुतेक वेळा लिंक रॉडच्या (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याला चाकाकडे जोडणारी छोटी काठी) सांध्यातून येते. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड पूर्ण काढा आणि मोकळ्या जागेत, कमी वेगात गाडी त्याच प्रकारच्या खडीवरून न्या. आवाज थांबला तर दोषी सापडला. (लिंक रॉड नसताना वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून ही चाचणी रहदारीत नको.)

बाकीचे आवाजही ओळखता येतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टंग' करून सुटते, तेव्हा स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं (स्ट्रट बॉडीला जोडणारी बैठक) बेअरिंग अडकत असतं. ब्रेक दाबताना आणि सोडताना एकेक 'धप' आली तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा लोखंडी हात) मागचा बुश (सांध्यातलं रबर) बघा. फक्त मोठ्या खड्ड्यातच ठोका बसत असेल तर बंप स्टॉपचा (स्प्रिंग खूप दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) चुरा झालेला असू शकतो.

बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) सर्वांत आधी तपासा. चाक अधांतरी ठेवून टायरखाली पहार घाला, हळूच उचला आणि सांध्याकडे नजर ठेवा. तिथे खेळ दिसला तर बाकी यादी बाजूला ठेवून तो बदला. तो निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी हाताबाहेर जाते.

तेलपाणी
शॉकअपबद्दल. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी. पुन्हा पुन्हा हलली तर शॉकअप संपलाय. पण उलट खरं नाही. निम्मा झिजलेला शॉकअपही ही परीक्षा पास होतो, कारण हाताने दाबताना शॉकअपचा दांडा फार सावकाश हलतो. त्यामुळे टायरची झीज हा जास्त भरवशाचा पुरावा. नळीवर तेलाचा पुसट थर आणि धूळ असेल तर घाबरू नका. ओघळ असेल तर बदला.

एकाच एक्सलवरचे दोन्ही शॉकअप एकत्र बदलायचे. एक नवा, एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना आणि वळताना दोन बाजू वेगळ्या वागतात. पुढचा स्ट्रट उघडलाच आहे तर माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि रबरी कव्हर नवंच घाला. फाटक्या कव्हरातून धूळ जाऊन नव्या दांड्याचं सील लवकर कापलं जातं.

पानाधारी
खरी चूक बसवताना होते, म्हणून जरा सविस्तर.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. गाडी सपाट जागी, स्टँडवर. नुसत्या जॅकवर नको. ब्रेकची नळी आणि एबीएसची तार स्ट्रटवरून आधी सोडवा. नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) बाहेर झुकू देऊ नका, दोरीने बांधा, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणारा दांडा) आतला सांधा निखळतो.

स्प्रिंग दाबायला दोन कॉम्प्रेसर, बरोबर समोरासमोर. दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा. स्प्रिंग वरच्या बैठकीत सैल होईपर्यंत माउंटिंगच्या मधल्या नटाला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. नट सोडताना दांडा एलन कीने धरा. पकडीने धरलात तर चकचकीत दांड्यावर ओरखडा पडतो आणि तोच ओरखडा सील फाडतो.

नवा शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीच्या खाचेला टेकलंय ना, बघा.

आता सर्वांत महत्त्वाचं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लोंबत असताना पक्के आवळू नका. आतली धातूची नळी बोल्टने जागीच जखडली जाते आणि वळायचं काम रबर करतं. लोंबत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. आधी हातघट्ट ठेवा, गाडी तिच्या वजनावर उभी करा, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळायचा जोर) आवळा. मागच्या बीमच्या बुशलाही हाच नियम. सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरू नका.

धागाकर्ता
हे बुशचं माहीत नव्हतं. मग पॉलियुरेथेन बुश टाकले तर? आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालायचे रबरी बफर?

बुशपुराण
रोजच्या गाडीला रबरच. पॉलियुरेथेनने स्टिअरिंग नेमकं होतं, पण खडबडीतपणा बॉडीत शिरतो आणि ग्रीस सुकलं की कुरकुर सुरू. बफर तर नकोच. तो वेटोळ्यातला एक फेरा अडवतो, स्प्रिंग त्या जागी कडक होते आणि ताण उरलेल्या फेऱ्यांवर जातो. शॉकअप मात्र मूळ स्प्रिंगसाठीच घडवलेला असतो, तो ही उसळी आवरू शकत नाही. मागून गाडी बसली असेल तर स्प्रिंगा बदला.

तेलपाणी
बुटक्या स्प्रिंगांना माझा ठाम नकार. चार माणसं बसवून ३० मिमी खाली आणलेली गाडी बंप स्टॉपवरच चालते. मूळ उंचीच्या स्प्रिंगा आणि कमी दाबाचे गॅसभरित ट्विन-ट्यूब (दुहेरी नळीचे) शॉकअप घ्या. डुलणं थांबेल आणि गाडी दगडासारखी होणार नाही.

पानाधारी
स्ट्रट-नकलचे बोल्ट सुटले की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) सरकतो. सोडण्यापूर्वी खूण करा आणि काम झाल्यावर लगेच अलाइनमेंट करून घ्या. लिंक रॉडचे शेवटचे नट दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असताना लावा, नाहीतर भोकं जुळत नाहीत. आणि सगळं नवं असूनही ठोका आला तर आधी वरच्या माउंटिंगचा मधला नट तपासा. तोच बहुतेकदा अर्धवट आवळलेला असतो. टायरची जुनी उंचसखल मात्र जाणार नाही, घरघर काही दिवस राहील. तिला चाकाच्या बेअरिंगचा आवाज समजून हब (चाकाचा मधला भाग) उघडू नका.