आधी गटारं बघायची की गाझा? आणि बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

कुर्ला_डेपो (धागाकर्ता)

२०२५ च्या जुलैमधला एक आठवडा काही केल्या डोक्यातून जात नाहीये. २३ तारखेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने सांगितलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती मोडली तर नुकसानभरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. (हे प्रकरण लावून धरलं वानुआतू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशाने, आणि त्याची सुरुवात २०१९ मध्ये तिकडच्या लॉच्या पोरांनी केली होती. पोरांनी!) २५ तारखेला आझाद मैदानात गाझासाठी निदर्शनं करू द्या म्हणणारी माकपची याचिका आपल्या हायकोर्टाने फेटाळली, आणि सुनावणीत सुनावलं की तिकडचं कशाला बघताय, इथे कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर आहेत की, ते विषय घ्या. आणि २६ जुलै तर काय सांगायला नको, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, त्याला त्या दिवशी २० वर्षं झाली.

माझं म्हणणं एवढंच की हे वेगवेगळे विषय नाहीत. २०२४ मध्ये जगाने सैन्यावर २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले, आणि त्याच वर्षी बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देश गरीब देशांना वर्षाला ३० हजार कोटी डॉलर देऊ म्हणाले, तेसुद्धा २०३५ पर्यंत. मागणी होती १.३ लाख कोटींची. रणगाडा, फायटर विमान, युद्धनौका यांच्या धुराचा तर हिशोबच कोणाला द्यावा लागत नाही. १९९७ च्या क्योटो करारात अमेरिकेने सैन्याला सवलत मिळवली, २०१५ च्या पॅरिस करारात ते ऐच्छिक झालं, म्हणजे दिला तर दिला. २०२२ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की जगाच्या उत्सर्जनात सैन्यांचा वाटा साडेपाच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यात प्रत्यक्ष लढाईतली आग, पेटलेले तेलसाठे, पडलेल्या इमारती पुन्हा बांधणं हे धरलेलंच नाही.

आणि इकडे आम्ही. १९ ऑगस्टला मिठी नदी वर आली, कुर्ल्याच्या क्रांतीनगरची माणसं हलवली. पाणी चढायला लागलं की तळमजल्यावरच्या माणसाला कोणी काही सांगावं लागत नाही, आधी मेन स्विच पाडायचा, सिलेंडर कॉटच्या पायाला बांधायचा कारण रिकामा असला तर तरंगतो, मग चौघांनी फ्रिज टेबलावर चढवायचा, रेशनकार्डाची पिशवी पोटमाळ्यावर. या माणसांनी किती कार्बन सोडला असेल हो आयुष्यात?

तात्या_लालबाग

कुर्ला डेपो, भावना पोचल्या. पण मिठी गाझातल्या बॉम्बमुळे भरत नाही रे बाबा. मिठी भरते कारण ती विमानतळाच्या धावपट्टीखालून वळवून नेली, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल तिच्या खाजणावर उभं केलं, आणि गाळ काढायच्या कामात ६५ कोटींचा कथित घोटाळा झाला म्हणून मे २०२५ मध्ये आर्थिक गुन्हे शाखेला गुन्हा नोंदवावा लागला. ब्रिमस्टोवॅडचा अहवाल १९९३ चा आहे, पर्जन्यवाहिन्या सुधारा म्हणून. ९३! तेव्हा तुझं ते पॅरिस बिरिस जन्मालाही आलं नव्हतं.

तुला खरं दुखणं सांगतो. हे "हवामान बदल" प्रकरण आल्यापासून महापालिकेचं फावलंय. आधी गटार तुंबलं की इंजिनीअरला शिव्या पडायच्या, आता साहेब टीव्हीवर येऊन म्हणतात पाऊसच असा पडला हो, जागतिक कारणं आहेत. म्हणजे हेगच्या कोर्टाने आमच्या वॉर्ड ऑफिसला पळवाट काढून दिली. आपलं हायकोर्ट बोललं ते बरोबरच बोललं. आधी घरचं झाडा.

उगाच_एक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर व्हायला किती वेळ लागतो बघू.

अर्जंट_अर्ज

थोडं कायद्याचं, कारण दोन्हीकडून गडबड होतेय.

धागाकर्ते, हेगचं मत हे सल्लागार मत आहे, बंधनकारक निकाल नाही. उद्या कुर्ल्याच्या रहिवाशाने ते घेऊन अमेरिकेकडून चेक मागितला तर मिळणार नाही. तात्या, तुमचंही तसंच, हायकोर्टाने आधी घरचं झाडा म्हटलं ते सुनावणीतलं तोंडी भाष्य, त्याने कायदा बनत नाही. आणि आझाद मैदानात बसणाऱ्याचा विषय महापालिका हद्दीतलाच पाहिजे असा नियम कुठे आहे मला दाखवा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरून भारताने १९४६ मध्येच तिच्याशी व्यापार बंद केला होता, तेव्हा आपण स्वतः पारतंत्र्यात होतो, घरचं बरंच झाडायचं बाकी होतं.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे आणि तिचं नाव कोणी घेत नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने माळढोकच्या केसमध्ये सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकाला हक्क आहे, घटनेच्या कलम १४ आणि २१ खाली. राजस्थान-गुजरातमधल्या विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात म्हणून तारा जमिनीखाली घाला अशी ती मागणी होती, त्यात कोर्टाने सौर ऊर्जेची गरज धरून आधीचा सरसकट आदेश सैल केला आणि जाता जाता हा हक्क मान्य केला. हा आपला कायदा आहे, वानुआतूचा नाही. तात्या, "पाऊसच असा पडला" म्हणणाऱ्या साहेबाला हे दाखवता येतं, कारण पाऊस असाच पडणार हे माहीत असूनही तयारी केली नाही, हा हक्काचा भंग होतो. पळवाट कसली, उलट ती बंद होते.

तात्या_लालबाग

बाई, दाखवता येतं खरं. दाखवायला वकील परवडला पाहिजे ना.

मेगावॅट

वीज क्षेत्रात आयुष्य गेलं म्हणून लिहितोय, कडू वाटलं तर हलके घ्या.

सगळे हेगवर खूश आहेत पण ते मत नीट वाचा. त्यात असं आहे की सरकारने कोळसा-तेल-वायूच्या उत्खननाला परवाने दिले, सबसिडी दिली, तर तेसुद्धा बेकायदा कृत्य ठरू शकतं. आता हे कोणाला लागेल? अमेरिका तर जानेवारी २०२५ मध्येच पॅरिस करारातून बाहेर पडायची नोटीस देऊन मोकळी झाली. लागेल आपल्याला, कारण आपली सत्तर टक्क्यांच्या वर वीज आजही कोळशाची आहे. म्हणूनच डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत भारताने सांगितलं की सध्याच्या करारांपलीकडे नवीन जबाबदाऱ्या लादू नका. लोकांनी टीका केली, मला विचाराल तर बरोबर केलं. दरडोई आपण साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदा. आधी त्यांनी खाली यावं.

सोलर दुपारी जोरात असतो हो, पण मुंबई एसी लावते रात्री. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? मुंबईत बाहेरून येणारी वीज बंद पडली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, हॉस्पिटलांनी जनरेटर काढले. त्या दिवशी एकानेही विचारलं नाही की वीज कोळशाची आहे का, फक्त कधी येणार विचारलं.

रशियन तेलाचंही तेच. युक्रेन युद्धाआधी आपण ते जेमतेम दोन टक्के घ्यायचो, नंतर एक तृतीयांशाच्या वर गेलं. ट्रम्पने त्यावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये जादा २५ टक्के टॅरिफ ठोकलं, एकूण ५० झालं. दीड अब्ज लोकांच्या देशाला स्वस्त तेल मिळालं तर घ्यायचं नाही?

कुर्ला_डेपो

मेगावॅटराव, दरडोईचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तर तोच धरून बसलोय. फक्त तो आपण विमानतळाच्या आत आणला की विसरतो. जगात गेलो की आम्ही दरडोई गरीब, आमच्या वाटचा धूर आम्हाला सोडू द्या. बरं. मग मुंबईतही दरडोईच लावा ना, ज्याचा धूर कमी त्याच्या वाट्याला त्रास कमी. चेंबूरजवळच्या माहुलला काय झालं? तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनवरच्या झोपड्या पाडल्या आणि ती माणसं कुठे नेऊन टाकली, तर रिफायनऱ्यांच्या कुशीत. हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलेलं की तिथल्या हवेत राहणाऱ्यांच्या तब्येतीला धोका आहे, आणि त्यानंतर तिथे लोक पाठवले. खोकला, दमा, अंगावर चट्टे. शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाला सांगावं लागलं की यांना दुसरीकडे घर द्या नाहीतर महिना १५,००० भाडं द्या. बाकूला आपण श्रीमंत देशांना जे ऐकवलं ते माहुलच्या माणसाने मंत्रालयासमोर उभं राहून शब्दन्‌शब्द ऐकवलं तर काय उत्तर आहे?

आणि स्वस्त तेल. मुंबईत पेट्रोल कधी शंभरच्या खाली आलं ते सांगा. फायदा नक्की कोणाच्या पंपात भरला गेला?

मेगावॅट

माहुलचं चुकलंच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण माहुलसाठी रिफायनरी बंद करा असं म्हणणार असाल तर तुमच्या कुर्ला डेपोतून बसही सुटणार नाही.

कुर्ला_डेपो

रिफायनरी बंद करा असं मी कुठे लिहिलंय? तिच्या शेजारी माणसं नेऊन ठेवू नका, एवढंच.

दादर_वेस्ट

मला एक कळत नाही, सगळ्यांना गाझाच का दिसतो? सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे, एक कोटीच्या वर माणसं घरदार सोडून पळाली, जगातलं सगळ्यात मोठं विस्थापन म्हणतात त्याला, आझाद मैदानात सतरंजी तरी कोणी टाकली का? आणि त्यावर हवामानवाले लगेच येतात की डार्फुरमध्ये पाऊस कमी झाला, गुरं चारणारे आणि शेती करणारे भांडले, म्हणून युद्ध झालं. अहो दुष्काळ आपल्या माणदेशातही पडतो, पिढ्यान्‌पिढ्या पडतो, लोक छावणीत गुरं बांधतात, ऊसतोडीला जातात, मुंबईला येतात. गावं जाळत नाहीत. गावं जाळायला कोणीतरी बंदुका पुरवाव्या लागतात. हवामानाचं नाव घेऊन तुम्ही बंदूकवाल्याला सूट देताय.

अर्जंट_अर्ज

बंदूकवाल्याबद्दल +१. तात्यांच्या इंजिनीअरसारखंच आहे हे. सुदानबद्दल मात्र, सतरंजी तुम्ही टाका, मी येते.

खाडीकाठ

मोठमोठं चाललंय म्हणून गप होते. आमच्या कोळीवाड्यातलं सांगते.

बोंबील वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या दोरीवर, टाकले की कडक ऊन लागतं, दोन-तीन दिवस. आता दिवाळी झाली तरी पाऊस, मधेच आभाळ येतं. अर्धे सुकलेल्या बोंबलावर पाऊस पडला की तो खायचा राहत नाही, खतालाच जातो. आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत घर चालतं ते याच सुक्यावर. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच पाऊस लागला, २६ मेला मुंबईत मान्सून, ७५ वर्षांत एवढा लवकर आला नव्हता. तेव्हा शेवटचं सुकं अंगणात होतं. तौक्ते वादळात होड्या फुटल्या त्याचे पंचनामे करून घेताना काय काय झालं ते लिहीत बसत नाही.

युद्धाचं म्हणाल तर डिझेल चढलं की आम्हाला पहिलं कळतं, बोट सुटण्याआधीच हिशोब बसत नाही. जवळ मासा नाही म्हणून बोटी लांब जातात, आणि वर गुजरातकडे गेलेले पालघरचे खलाशी पाकिस्तानने धरून नेलेत. भारत पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, २००८ चा करार आहे तसा. यादीत नाव आलं म्हणजे माणूस जिवंत आहे एवढं समजतं. शिक्षा भोगून झाली तरी सुटका दोन सरकारांचं कसं चाललंय त्यावर. तणातणी झाली की याद्याच फक्त येतात, माणसं येत नाहीत. तो खलाशी आदिवासी पाड्यावरचा, बोट त्याची नाही, डिझेल त्याचं नाही, सीमा पाण्यावर दिसत नाही. तात्या, हे घरचं धरायचं का बाहेरचं?

तात्या_लालबाग

घरचंच धरायचं, ताई. यावर वाद नाही.

फौजीची_आई

कल्याणहून लिहिते, मूळ सातारा जिल्हा. मुलगा सैन्यात आहे, कुठे ते लिहिणार नाही.

वर रणगाड्याच्या धुराचा हिशोब वाचला आणि राग आला. सियाचीनला पोरं बसतात तिथे रॉकेल जाळल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नाही, बर्फ वितळवावा लागतो. जेवण, औषध, आजारी माणूस, सगळं हेलिकॉप्टरने. २०१६ मध्ये हिमकड्याखाली दहाजण गेले. त्या पोरांच्या स्टोव्हचा धूर मोजायचाय तुम्हाला? आकडे जाहीर केले की समोरचा त्यावरून तिथे किती माणसं, किती फेऱ्या हे काढणार. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार रात्री आम्ही कशा काढल्या ते आमचं आम्हाला माहीत.

कुर्ला_डेपो

काकू, पोराच्या स्टोव्हला कोणी हात लावत नाहीये. ठाण्याठाण्याचा हिशोब नकोच, पूर्ण सैन्याचा वर्षाचा एक आकडा, झालं. अमेरिकेचं सरकार स्वतःच्या संरक्षण खात्याने किती इंधन जाळलं ते दरवर्षी छापतं, त्यावरून त्यांचं एकही ठाणं कोणाला सापडलेलं नाही. आणि आपण आकडा दिला तर बाकीच्या मोठ्यांना हवामान परिषदेत तोंडावर विचारता येईल की तुमचा कुठाय. तिथला बर्फ वितळला तर त्रास पहिला तुमच्या मुलालाच.

फौजीची_आई

अमेरिका आकडा छापते म्हणता. छापून कमी काय केलं त्यांनी? एक तरी विमान खाली ठेवलं का?

मेगावॅट

+१ काकू.

अर्जंट_अर्ज

नाही ठेवलं. पण आकडा छापला म्हणून त्यांच्याच लोकांना संसदेत प्रश्न विचारता आला. आपल्याकडे तो प्रश्न कोणत्या खात्याला विचारायचा, पर्यावरण की संरक्षण, इथूनच सुरुवात आहे. मी माहितीच्या अधिकारात दोन्हीकडे टाकतेय, उत्तर आलं तर इथेच डकवते.

तात्या_लालबाग

तिसरा एक मिठीच्या गाळाचा पण टाका. दहा रुपये मी देतो.